बाकड्यावरची जनता

आमच्या नगरपालिकेच्या सभागृहात जनतेसाठी एक बाकडं आहे. सभा बघायचा अधिकार जनतेला आहे असं कायद्यात लिहिलंय, म्हणून ते ठेवावं लागलं. पंख्याच्या वाऱ्यात न येणारं, एक पाय हलणारं. आणि त्या बाकड्यावर जनता म्हणून एकच माणूस बसायचा. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. मीही तेच म्हणतो. त्यांचं नाव इथं घालत नाही, कारण एकदा त्यांचं नाव मी विचारल्याशिवाय छापलं होतं. तेच सांगायला बसलोय.

अप्पांचं पेंडीचं दुकान. सरकी, पेंड, भुसा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, छातीवर लिंगाचा चांदीचा करंडा, आणि अंगाला कायम सरकीचा तेलकट वास. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एक मुलगी, ती देगलूरला दिलेली. महिन्यातून एकदा, सर्वसाधारण सभेच्या दिवशी, अप्पा दुकानाची फळी लावायचे, धुतलेलं धोतर नेसायचे आणि सदस्य यायच्या आधी तासभर सभागृहाच्या दारात जाऊन उभे राहायचे.

महेबूबचाचा तिथला शिपाई. तो रोजचा वैतागलेला.

"अप्पा, अबी तो झाडू बी नै मारा मैं!"

"मार की. मी पाय वर घेतो."

आणि खरंच पाय वर घेऊन बसायचे.

सभेत ते काही लिहून घेत नसत. कागद नाही, पेन्सिल नाही. मांडीवर हात ठेवून नुसतं ऐकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढं दोन-चार रिकामी पोती अंथरायचे. त्यावर लोक येऊन बसायचे. न्हावी, हॉटेलवाला, शाळेला निघालेले एकदोन मास्तर, नळाच्या रांगेत हंडा ठेवून आलेल्या बाया. अप्पा सभा सांगायचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, शब्दाला शब्द.

"सभा साडेअकराची होती. बारा वाजून पाच मिनिटांनी सुरू झाली. हजर तेरा. मागच्या सभेचा वृत्तांत वाचून कायम केला. वाचताना दोन पानं एकदम उलटली, कुणी बोललं न्हाई. विषय पयला, खाटीक गल्लीतली नाली. इथं अध्यक्ष खोकले. इथं चहा आला. तीन कप परत गेले."

"अप्पा, नालीचं काय झालं ते सांगा ना," हॉटेलवाला म्हणायचा, "चहाचं काय करायचंय?"

"चहा नालीच्या आधी आला. आधीचं आधी."

मधूनच काही विचारलं तर उत्तर द्यायचे, पण मग परत पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. धागा तुटतो म्हणायचे. त्यामुळे लोक मध्ये विचारत नसत. सांगताना आवाज सपाट. कुणाची नक्कल नाही, कुणाला टोमणा नाही. तरी सदस्य त्यांना वचकून असत. एका सदस्याला सभेच्या दुसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं होतं, "झोपलावता म्हणं सभेत? अप्पा सांगायलेत." त्यानंतर तो माणूस सभेत तंबाखूच्या चिमटीवर चिमट्या लावायचा, पण डोळे उघडे ठेवायचा. लातूरचं दैनिक आमच्या गावाला महिन्यातून चार ओळी द्यायचं. त्या चार ओळी वाचून लोक म्हणायचे, बघू अप्पा काय म्हणतात.

मला ते सहन व्हायचं नाही. आम्ही चौघं पोरं तेव्हा पत्रकं काढायचो. स्टेन्सिल कापायची, हातानं फिरवायच्या मशीनवर छापायची, सायकलवरून वाटायची. खाली नाव नाही, फक्त 'एक जागृत नागरिक'. आमच्या पत्रकात प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह असायचं. आणि हा माणूस सगळं ऐकतो, सगळं त्याच्या डोक्यात असतं, आणि सांगतो कसा, तर धर्मकाट्यावरच्या माणसानं वजन सांगावं तसा.

मी एकदा भांडलोच. "अप्पा, तुम्हाला राग येत नाही का हो?"

"येतो की."

"मग सांगताना कुठं जातो?"

"माझा राग सभेत झाला न्हाई. सभेत झालं तेवढं मी सांगतो."

"लोकांना पेटवायला नको?"

"पेटायचं त्याचं तो पेटंल. तू काडी घेऊन हिंडू नकोस."

मला वाटायचं, हे भित्रेपण आहे. बोलून दाखवलंही. ते हसले. मग त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट सांगितली, त्यांच्याच पद्धतीनं, पहिल्यापासून. निजामाच्या वक्ताची. वडिलांबरोबर तहसीलच्या कचेरीपुढं दिवसभर उन्हात उभे होते. वडिलांनी चपला काढून हातात धरलेल्या. आत त्यांच्याच शेताच्या हद्दीचं काही ठरत होतं. संध्याकाळी चपराशी बाहेर आला. वडिलांनी विचारलं, "आत काय ठरलं, सरकार?" चपराशी म्हणाला, "तेरेकु क्या करना है?" आणि दार लावलं.

"आता बसायला बाकडं दिलंय," अप्पा म्हणाले. "ते रिकामं ठेवायचं व्हय?"

मी त्यावर काहीतरी टाळीचं बोललो. काय ते आता आठवत नाही. अप्पांना आठवत असेल.

त्या सुमाराला लातूर जिल्हा झालं. आधी साध्या कागदाच्या नकलेसाठी उस्मानाबादची गाडी धरावी लागायची. आता जिल्हा हाकेच्या अंतरावर आला आणि आमच्या पुढाऱ्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. नवे साहेब आले, त्यांना राहायला घरं पाहिजेत, लातुरात जागा पुरेना, म्हणून लातूर रस्त्याला आमच्या हद्दीत एक वसाहत उठली. पुढं बाग, दारात मेंदीचं कुंपण. अध्यक्ष रोज तिकडं चक्कर मारायचे.

आणि त्याच उन्हाळ्यात पाणी संपलं. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. बंधाऱ्याच्या तळाला भेगा पडल्या. नळ आठवड्यातून एकदा, तोही फुसफुसायचा. लोकांनी जनावरं काढून टाकली किंवा निलंग्याकडं पाहुण्यांच्या दारात नेऊन बांधली. अप्पांच्या दुकानात गिऱ्हाईक उरलं नाही. गुरंच नाहीत तर पेंड कोण नेणार? ते सकाळी दुकान उघडायचे, गल्ल्यावर बसायचे, संध्याकाळी बंद करायचे. मधल्या वेळात त्यांच्याशी बोलणारी माणसं म्हणजे सभा ऐकायला येणारी. तीही महिन्यातून एकदा. हे मला तेव्हा दिसलं नाही.

सगळ्यात वाईट हाल वरच्या वस्तीचे. गावाच्या अंगाला जो खडकाळ उंचवटा आहे, तिथली ती वस्ती. तिथं नळ कधी चढलाच नाही. बाया दगडाच्या जुन्या खाणीत साचलेलं हिरवं पाणी फडक्यातून गाळून न्यायच्या. त्यांच्यात शेवंतामावशी म्हणून एक होती, बोलायला फटकळ, आमच्या प्रत्येक मोर्चात पुढं असायची. तिला घरात एक नात, बाकी कुणी नाही.

पालिकेकडं टँकर एकच. तो कुठं जायचा, हे सभेत ठरणार होतं. सभा झाली आणि दुसऱ्या दिवशी पोत्यांवर बसायला जागा उरली नाही. अप्पांनी पहिल्यापासून सांगितलं. हजेरी, वृत्तांत, दोन किरकोळ विषय. मग टँकर.

"साहेबांच्या वसाहतीला रोज दोन खेपा, असं अध्यक्षांनी मांडलं. एका सदस्यानं विचारलं, वरच्या वस्तीचं काय? अध्यक्ष म्हणाले, उरलं तर बघू. विषय मंजूर. टेबलं वाजली. इथं चहा आला."

'उरलं तर बघू.' तीनच शब्द. त्यापेक्षा वाईट काय बोलायचं असतं? पण तेव्हा मला ते मिळमिळीत वाटलं. आम्ही त्या संध्याकाळी स्टेन्सिल कापायला बसलो. मी म्हणालो, याच्यात दम नाही. दोघं म्हणाले, आहे तेच घाल. मी ऐकलं नाही. मी कापलं, मोठ्या अक्षरात:

'अध्यक्ष म्हणतात, वरची वस्ती तहानेनं मेली तरी चालेल! खोटं वाटतंय? सभेत स्वतःच्या कानांनी ऐकणाऱ्या अप्पांना विचारा!!'

टँकरसाठी पालिकेवर मोर्चा काढायचं ठरलं होतं; त्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत सगळी पत्रकं वाटून झाली. उन्हं कलायच्या आत अप्पा माझ्या दारात. हातात पत्रक. ते कधी कुणाच्या घरी जात नसत, त्यामुळे आई गडबडली, पाणी आणायला धावली.

"हे मी ऐकलेलं न्हाई," अप्पा म्हणाले.

"अर्थ तोच आहे, अप्पा."

"अर्थ मी सांगत न्हाई. हे वाक्य काढ. नवं पत्रक काढ."

"वाटून झालं सगळं. आणि उद्या मोर्चा आहे. लोक पेटलेत, बघा तरी."

"माझं नाव घातलंस. मला विचारलं तर मी काय सांगू?"

मी हसलो. हसलो हे लक्षात आहे. म्हणालो, "तुम्हाला कोण विचारतंय, अप्पा?"

त्यांनी पत्रकाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि गेले. आईनं आणलेलं पाणी तसंच राहिलं. आणि त्या दिवसांत आणलेलं पाणी कुणी परत पाठवत नसे.

मोर्चा मोठा निघाला. पोत्यांवर बसून 'उरलं तर बघू' ऐकलेल्यांच्या तोंडीही आता पत्रकातलंच वाक्य होतं. वरची वस्ती झाडून आली, खालच्या गल्ल्या आल्या, रिकाम्या घागरी आल्या. शेवंतामावशी पुढं, डोक्यावर पालथा हंडा. मी आयुष्यात एवढी गर्दी आमच्या गावात पाहिली नव्हती. अध्यक्ष पायऱ्यांवर आले. आम्हाला वाटलं, आता हा माणूस वाकणार. घामानं डबडबला होता. टँकर द्या, एवढीच मागणी. अजून पाच मिनिटं घोषणा चालल्या असत्या तर दिला असता, हे मी आजही शपथेवर सांगतो.

त्यानं हात वर केला. दुसऱ्या हातात आमचं पत्रक.

"इथं लिहिलंय, अप्पांना विचारा. विचारू की! अप्पा कुठायत?"

अप्पा होते. मोर्चात नव्हते, पालिकेच्या भिंतीला टेकून उभे होते. लोकांनी वाट करून दिली. अभिमानानं दिली. शेवंतामावशी म्हणाली, "सांगा अप्पा, ठणकावून सांगा!"

"अप्पा, वरची वस्ती मेली तरी चालेल, असं मी सभेत बोललो का? हो का न्हाई?"

मी अप्पांपासून चार हातांवर होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"न्हाई," अप्पा म्हणाले.

कुणाची तरी घागर दगडाला लागली.

"मग हे कुणाचं काम आहे?"

"लिहिताना मी कुणाला बघितलं न्हाई."

ते खरं होतं. बघितलं नव्हतं त्यांनी. तेवढी जागा त्यांनी मला ठेवली, आणि मी तिच्यात लपलो. एक पाऊल पुढं टाकायचं होतं. नाही टाकलं.

मग अप्पांनी, त्यांच्या पद्धतीप्रमाणे, पहिल्यापासून सुरू केलं. "सभा साडेअकराची होती. बारा वाजता सुरू झाली. हजर अकरा..." त्यांना 'उरलं तर बघू'पर्यंत जायचं होतं. मला कळत होतं. तिथपर्यंत पोचले असते तर अध्यक्षाची तिथंच शोभा झाली असती. पण आधीचं आधी. ते हजेरीवर होते तेव्हाच अध्यक्ष ओरडला, "बास, बास, मिळालं उत्तर!" त्याची माणसं हसायला लागली. मागून कुणी तरी म्हणालं, "किती घेतले रं म्हाताऱ्यानं?" लोक एकमेकांवर ढकलाढकली करत पांगू लागले. अप्पा बोलत होते. दुसऱ्या विषयावर आले होते. शेवंतामावशी त्यांच्यापुढं येऊन थांबली, हंडा खाली घेतला आणि म्हणाली, "तुमच्या तोंडाला पानी मिळू नये, अप्पा." आणि गेली. जेव्हा अप्पा टँकरच्या विषयापाशी आले, तेव्हा पायऱ्यांपुढं मी होतो आणि महेबूबचाचा होता. "अध्यक्ष म्हणाले, उरलं तर बघू. विषय मंजूर." तेवढं पूर्ण करून ते थांबले.

"चलो अप्पा," महेबूबचाचा म्हणाला. "धूप बहुत है."

टँकर वरच्या वस्तीला मिळाला. पंधरा-वीस दिवसांनी, खाणीच्या पाण्यानं हगवण पसरली तेव्हा. शेवंतामावशीची नात लातूरच्या दवाखान्यात आठ दिवस होती. वाचली. मी भेटायला गेलो, तर मावशीनं मला जवळ बसवलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "तू तरी आमच्यासाठी लिव्हलास बाबा. म्हाताऱ्यानं घात केला." मी तिच्या पिशवीतलं मोसंबं सोलून नातीला दिलं.

पुढच्या महिन्यात सभा झाली. अप्पा गेले, बाकड्यावर बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोरच्या हॉटेलात होतो, खांबाच्या आड. अप्पांनी पोती अंथरली. न्हावी आला, दुकान उघडलं, तिकडं बघितलं नाही. हॉटेलवाला माझ्या कपात चहा ओतताना म्हणाला, "आता कोण ऐकतंय त्याचं!" हंडे घेऊन बाया पलीकडच्या कडेनं गेल्या. ऐकायला कुणी नाही, तर अप्पा बोललेही नाहीत. पण उठलेही नाहीत. एक सभा सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बसून राहिले. मग एकेक पोतं झटकलं, घडी घातली आणि आत गेले.

पुढच्या महिन्यातही तेच. त्याच्या पुढच्याही. मी रस्ता बदलला. पेठेतून जायचं सोडून मागच्या गल्लीनं सायकल न्यायला लागलो. आम्ही पत्रकं काढतच होतो. इतरांच्या भ्याडपणावर एक फार कडक पत्रक मी त्याच काळात लिहिलं.

शेवटी पावसाळ्यात मी खुलाशाचं पत्रक लिहिलं. ते वाक्य अप्पांचं नाही, अध्यक्षांचं नाही, माझं आहे. खरे शब्द काय होते तेही घातलं. आणि खाली पहिल्यांदा स्वतःचं नाव. मला वाटलं, फार मोठं काम केलं. या वेळी शहाणपण आलं होतं म्हणून छापायच्या आधी कागद घेऊन अप्पांकडं गेलो. दुकानात निम्म्या वखारीत माल नव्हता. त्यांनी बस म्हटलं. चष्मा शोधायला वेळ लागला. मग बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. कबुलीपाशी थांबले नाहीत. माझ्या नावापाशी थांबले नाहीत. बोट मागं फिरून मधल्याच एका ओळीवर थांबलं.

मी लिहिलं होतं: 'अप्पा म्हणाले, सत्यासाठी मी एकटा उभा राहायला तयार आहे.'

"हे मी कधी म्हणलो?"

"म्हणाला नाहीत. पण... तुम्हाला तसंच वाटलं असेल ना, अप्पा?"

"मला काय वाटलं ते तू विचारलंस?"

"नाही."

"कुणीच विचारलं न्हाई."

रागानं नाही. सभा सांगतात त्याच आवाजात. मी पेन्सिल काढून ती ओळ खोडली. बाहेर एक बैलगाडी गेली. बऱ्याच दिवसांनी दिसलेली बैलगाडी. तिचा आवाज पेठेच्या टोकापर्यंत गेला.

"मग आता विचारतो," मी म्हणालो. "काय वाटलं, अप्पा?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. आजवर कुठल्या प्रश्नाला त्यांना इतका वेळ लागलेला मी पाहिला नव्हता.

"वाईट वाटलं," ते म्हणाले.

मी खोडलेल्या जागी लिहिलं: 'अप्पांना वाईट वाटलं.' आणखी काही येईल म्हणून थांबलो. आलं नाही. कागद वाचून दाखवला, त्यांनी मान हलवली. मी घडी घालून उठलो, पायात चपला अडकवल्या आणि पायरी उतरलो. तेवढ्यात मागून हाक आली.

"थांब."

मी वळलो. अप्पा गल्ल्यामागं उभे राहिले होते.

"त्याच्या आधी 'लई' घाल."

मी तिथंच पायरीवर बसलो, कागद गुडघ्यावर उलगडला आणि घातला.